तुमच्या विहिरीचं गोड पाणी

आबा,

आज मी डोक्यावरून न्हाले. केस आता मुठीत मावतील एवढेच राहिलेत, पिकलेतही सगळे, पण टाळू स्वच्छ आहे. न्हाणीत बसून शेवटचा तांब्या ओतला की मी अजूनही नखानं टाळू खरवडून बघते, नखात पांढरं काही येतं का. येत नाही. इतकी वर्षं झाली, येत नाही, तरी बघते. ही खोड तुम्ही लावलेली आहे, म्हणून तुम्हाला लिहायला बसले. तुम्हाला वाचता येत नव्हतं आणि मला तेव्हा लिहिता येत नव्हतं, त्यामुळे आपल्यात बोलायचं राहून गेलं असं म्हणायला सोयीचं आहे. खरं म्हणजे तुम्ही कुणाचं ऐकून घेणाऱ्यांतले नव्हतातच. आता ऐका. आता तुम्हाला उठून जाता येणार नाही.

विहिरीपासूनच सुरू करते, कारण तुमचं सगळं बोलणं तिथूनच सुरू व्हायचं. गावाला चांगली बारव होती. तिच्या पाण्यात डाळ एका उकळीत फुटायची. पण मी लहान असताना एका पोळ्याला तुम्ही बैल धुवायला बारवेच्या हौदावर नेलेत आणि पाटलाच्या गड्यानं तुमची जोडी मागं सारून पाटलाची आधी घातली. पहिला मान पाटलाचा होता हे साऱ्या गावाला ठाऊक होतं, तुम्हालाही होतं. तरी तुम्ही भर हौदावर शपथ घेतलीत की या बारवेचं पाणी आता माझ्या घरात येणार नाही. दोन बैलांना घडीभर थांबावं लागलं, त्याची ही शिक्षा; आणि ती कुणाला, तर पाणी वाहणाऱ्या बायकांना. मग परसात विहीर खोदायला घेतलीत. पाणी लागलं त्या दिवशी गावात गूळ वाटलात, पहिला खडा स्वतःच्या तोंडात टाकलात आणि वर पहिली ओंजळ प्यायलात. अमृत आहे म्हणालात. तोंडात गूळ होता, आबा. गूळ तोंडात धरून समुद्राचं पाणीही गोड लागलं असतं. त्यानंतर त्या विहिरीचा घोट तुमच्या घशाखाली कधी गेला नाही, आणि ते तुम्हाला मरेपर्यंत कळलं नाही.

आता हे ऐका. विहिरीचं पाणी मचूळ होतं. हंड्याच्या बुडाला महिन्याभरात बोटभर पांढरा साका धरायचा, साबण फुटून त्याचं ताक व्हायचं, आणि डाळ दिवसभर शिजवली तरी दाणा दाण्याला ओळख देत नसे. पहिल्याच दिवशी तसली डाळ ताटात आल्यावर तुम्ही ताट भिरकावलंत. दोष पाण्याचा असेल हे तुमच्या मनातही आलं नाही. आपला तो बाब्या. दोष आईच्या हाताचा. दुसऱ्या दिवसापासून तुम्ही शेताकडे वळलात की आई बारवेवर जाऊन एक घागर आणायला लागली आणि मी एक कळशी. तुमचं पिण्याचं, पाहुण्यांचं आणि डाळीचं पाणी तेवढ्यावर भागायचं. मी विचारलं तेव्हा आई म्हणाली, "डाळ शिजली न्हाई तं आपुन शिजू. त्यायला सांगितलंस तं माझं मेलेलं तोंड बघशील." मग तुम्ही ओट्यावर बसून आल्यागेल्याच्या हातात तांब्या द्यायला लावायचात, गोड आहे का नाही म्हणून विचारायचात, आणि पाहुणा गोड आहे म्हणायचा, कारण ते गोडच होतं. बारवेवरच्या सगळ्या बायका आम्हाला बघून पदर तोंडाला लावायच्या. सारं गाव जाणत होतं. आयुष्यात एकदा जरी स्वतःच्या हातानं तांब्या बुडवून घेतला असतात, तरी तुम्हालाही कळलं असतं.

न्हाणं मात्र विहिरीच्याच पाण्यावर. चार घागरी दिवसाउजेडी परसात आणणं म्हणजे चोरी उघडी पडणं, आणि जाणती होत आलेली पोर चव्हाट्यावर केस मोकळे सोडून न्हायला कशी बसणार? मला बारावं-तेरावं लागलं आणि डोक्यात खपल्या धरायला लागल्या. शिकेकाईला त्या पाण्यात फेस येत नसे, तिचा चिकट गाळ केसांच्या मुळाशी बसायचा. वाळला की पांढरा, खरवडला की खांद्यावर भुगा. काळ्या चोळीवर तो इतका दिसायचा की मी पदर दोन्ही खांद्यांवरून घेऊन फिरायची. तुम्ही निदान केलंत, डोकं कोरडं पडलंय, तेल थापा. करंजीचं तेल वाटी-वाटी डोक्यात जिरवलंत. तेलावर तेच पाणी, त्यावर पुन्हा तेल. महिन्याभरात टाळूवर मेणाचा थर झाला आणि त्याखाली आग. आई ताक लावू म्हणाली, लिंबू लावू म्हणाली, तर आंबटानं केस पिकतात म्हणून तुम्ही बंदी घातलीत. केसांचं ज्ञान कोण सांगतंय, तर ज्यांच्या डोक्यावर दर पंधरवड्याला वस्तरा फिरायचा आणि एक शेंडी उरायची ते. तुमच्या डोक्यावर त्या क्षाराला बसायलाच जागा नव्हती.

त्या दसऱ्याला मी सोनं देऊन तुमच्या पाया पडले. तुम्ही हात पुढं केलात आणि माझ्या डोक्याच्या वर वीतभर अंतरावर तसाच धरलात. टेकवला नाहीत. माझ्या धाकट्या भावाच्या डोक्यावर टेकवलात. तुम्हाला वाटत होतं, हे लागट आहे, शिवलं की दुसऱ्याला होईल. मला वर न बघताही कळलं, कारण हाताचा भार आला नाही. खपल्यांनी मला जेवढं जाळलं नाही तेवढं त्या वीतभर जागेनं जाळलं.

त्याच सुमारास चुडाव्याकडचे लोक मला बघून पसंत करून गेले होते, पदर डोक्यावर असल्यामुळे. लग्नाआधी हे निस्तरायला हवं म्हणून तुम्ही मला परभणीच्या हकिमाकडे नेलंत. म्हातारा हकीम, चष्म्याला दोरा बांधलेला. त्यानं काडीनं एक खपली उचलली, चिमटीत चोळली आणि पहिलाच प्रश्न विचारला, "नहाने का पानी कहाँ का है?" तुम्ही छाती काढून सांगितलंत, "घर के बावडी का. दूध के सरीका मीठा." त्यानं मान हलवली आणि दुसरं काहीतरी शोधायला लागला. बिचाऱ्यानं रोग बरोबर पकडला होता, तुम्ही तो त्याच्या हातातून सोडवून घेतलात. मी शेजारीच बसले होते. जिभेवर आलेलं सगळं, पण आईचं मेलेलं तोंड डोळ्यांपुढं आलं आणि मी गिळलं. हकिमानं गंधकाचं मलम दिलं आणि ते मुळाशी पोचावं म्हणून केस बारीक कापा म्हणाला. बारीक म्हणाला, आबा. तुम्ही घरी येऊन न्हाव्याला बोलावलंत आणि तुळतुळीत करायला सांगितलंत. तुम्हाला अर्धवट काही आवडत नसे.

न्हावी वस्तरा परजायला तयार होईना. खाली बघत म्हणाला, "मालक, रागवू नका. एकडाव बारवंच्या पान्यानं न्हाऊ घालून बगा पोरीला. वस्तरा कुटं पळून चाललाय?"

"माझ्या घरात त्या बारवंचा थेंब आला न्हाई अन् येनार न्हाई," तुम्ही म्हणालात. "तू तुजं काम कर."

आत चुलीवर बारवेच्या पाण्यात तुमची डाळ रटरटत होती. आई दाराशी आली, उभी राहिली, माझ्याकडे बघितलं आणि डाळ घाटायला परत आत गेली. तिचाही राग आला मला, अजून आहे. पण तिच्या रागात कीव मिसळते, तुमच्या रागात काही मिसळत नाही. केस परसात पडले, विधवेचे पडतात तसे, आणि मला तेव्हा नवराही मिळालेला नव्हता. चुडाव्याला बातमी पोचायला आठ दिवस लागले नाहीत. पोरीला खवडा आहे म्हणून त्यांनी नारळ परत पाठवला. तुम्ही त्यांना हलकट म्हणालात. पडलो तरी नाक वर. पुढच्या वालूरच्या बाजारातून तुम्ही माझ्यासाठी शिसवी फणी आणलीत, केस आले की लागेल म्हणून. मुंडण केलेल्या पोरीच्या हातात फणी! तुम्ही मुद्दाम चिडवलं नव्हतंत हे आता कळतं. तेवढी अक्कल चिडवायलाही लागते.

लोकांपुढं नको म्हणून मला राणीसावरगावला मामाकडे धाडलंत. माझ्यासाठी तुम्ही केलेलं हे एकच चांगलं काम, तेही लाजेपोटी. मामीनं पहिल्याच दिवशी टाळूला आंबट ताक चोळलं, घडीभर ठेवलं आणि त्यांच्या मळ्यातल्या विहिरीच्या पाण्यानं शिकेकाई लावली. फेस आला. मी ओंजळीत घेऊन बघत बसले. मामीला वाटलं मी डोळ्यांत गेलं म्हणून रडते आहे. चार न्हाण्यांत टाळू कोरी झाली; मलम मी डबीसकट उकिरड्यावर टाकलं. वर्ष-दीड वर्षात वेणी पाठीवर आली. मामानंच पुढं लग्न लावलं, नवरा मास्तर मिळाला, त्यानं मला अक्षर शिकवलं. या सगळ्यात तुमचा वाटा एवढाच की तुम्ही तिथं नव्हतात.

आई गेली. निजामाचं राज्य जायच्या आदल्या उन्हाळ्यात तुम्ही अंथरूण धरलंत, म्हणून मी आले. बघते तर धाकट्या भावाची बायको तुमचा डोळा लागलेला बघून कळशी घेऊन निघालेली. सासूनं सुनेला दिलेला हा एकच मंत्र, तिनं नेमानं पाळला होता. मी तिच्या हातातून कळशी घेतली आणि स्वतः बारवेवर गेले. पायऱ्या चढताना ठरवत होते काय बोलायचं ते. तुम्हाला आधी पाजणार होते आणि मग सांगणार होते की जन्मभर तुम्ही हेच प्यायलात, तुमच्या शपथेला घरच्या बायकांनी रोज डाळीत शिजवलं, आणि माझे केस त्या शपथेपायी गेले.

तुम्ही दोन घोट प्यायलात. ओठ पुसायची ताकद नव्हती, मी पुसले. म्हणालात, "हे बघ. असं पानी साऱ्या तालुक्यात न्हाई." मी तोंड उघडलं. तेवढ्यात तुमचा हात उठला आणि माझ्या डोक्यावर आला. टेकला. भांगातून वेणीपर्यंत गेला आणि तिथंच राहिला. "केस कसे आलेत," तुम्ही म्हणालात. "आपल्या पान्याचा गुन हाय."

"व्हय, आबा," मी म्हणाले.

संध्याकाळी तुम्ही गेलात. हा कागद मी फणीच्या डब्यात ठेवणार आहे. फणी अजून चांगली आहे, तीच वापरते. मरणाऱ्या माणसाला कशाला दुखवायचं म्हणून गप्प राहिले, असं मी नवऱ्याला सांगितलं, लेकींना सांगितलं. ते खोटं आहे. तुम्ही दुखावावं म्हणूनच मी कळशी भरून आणली होती. पण खरं बोलले असते तर तुम्ही हात काढून घेतला असता.