प्रदर्शन बंद पाडताना

४ जानेवारी
आदर्श नगरच्या गॅलरीत व्हिडिओ गेम्सचं प्रदर्शन लागलंय. चित्रं नाहीत, गेम्स. आणि ह्याला आर्ट म्हणायचं. आमच्या नागपूरच्या कॉन्व्हेंटमध्ये दप्तरात पत्ते सापडले तर सिस्टर दिवसभर उभं करायच्या. गॅलरी नाही उघडून द्यायच्या.
ह्या हिंदी मुलखातल्या आमच्या मराठी मंडळाच्या बैठकीत महिला विभागाची अध्यक्ष म्हणून स्पष्ट सांगितलं: पिढी बिघडते आहे. रथसप्तमीच्या हळदीकुंकवाआधी हे प्रदर्शन बंद पाडलं नाही तर मी अध्यक्षपद सोडीन. पार्वतीताईंनी लगेच विचारलं, नक्की ना? किती वर्षं त्यांचा ह्या खुर्चीवर डोळा आहे. म्हटलं, नक्की.

५ जानेवारी
निषेधाचं पत्र लिहिलं. इंग्रजी उत्तम उतरलं. उमाकांतना वाचून दाखवलं. ते म्हणाले, तू ते प्रदर्शन पाहिलंस का? नवरा जन्मभर इन्शुरन्समध्ये असला की असलेच प्रश्न विचारतो.
उद्या जाऊन येते. पाच मिनिटं. पुराव्यापुरती.

६ जानेवारी
वाटलं होतं त्याहून वाईट. भिंतीएवढा पडदा, त्यावर वाळवंटातलं मातीचं घर. अंगण, विहीर, एक शेळी. हातात यंत्र देतात, दोन्ही अंगठ्यांनी चालवायचं. पडद्यावरच्या बाईकडून हवं ते करून घ्या. एकानं जसं घर सोडलं तसंच ते पुढच्याला मिळतं.
आणि लोक काय करतात? मडकी फोडतात. माझ्या पुढच्या बाईनं, शिकलेली दिसत होती, गवताची गंजी पेटवली आणि हसली. शेळी स्वयंपाकघरात शिरलेली.
मी खेळले नाही. फक्त शेळी बाहेर काढली. असल्या पसाऱ्यात तपासणी कशी करणार?

८ जानेवारी
परत जावं लागलं. पत्रात तपशील हवेत. कोणीतरी दार उखडून ठेवलेलं. बसवलं. अंगण सारवलं, भिंतीची भेग लिंपली. मागचा माणूस म्हणाला, आंटीजी, मेरा नंबर? म्हटलं, आधी पाय पुसून या. गेला बिचारा पुसायला.

११ जानेवारी
दोन मुलींना समजावलं की भांडं उचललं तर जागच्या जागी ठेवायचं. एकीनं विचारलं, दादी, आप यहाँ काम करती हो? मी हो म्हटलं. खोटं नाही. काम मीच करते, बाकीचे खेळतात.
घरी वरण करपलं. उमाकांत म्हणाले, तिकडची चूल बरी चालते वाटतं. दुर्लक्ष केलं.

१४ जानेवारी, संक्रांत
सगळं शहर गच्चीवर पतंग उडवतंय. गॅलरी रिकामी असणार म्हणून मुद्दाम गेले. छप्पर शाकारून झालं.
पत्र अजून पाठवायचं आहे.

१८ जानेवारी
हा गेम बनवणारी मुलगी भेटली. आसावरी. मराठी, पण इथंच वाढलेली. म्हणाली, काकू, तुम्ही मतलब, रोज येता? म्हटलं, निषेध करायला येते.
तिचं म्हणणं, हे घर आत्तापर्यंत पडायला हवं होतं. लोकांच्या हातून थोडं थोडं मोडत जावं, तेच तिचं आर्ट. घर पडलं की प्रदर्शन संपणार. गॅलरीवाले रोज विचारतात, घर अजून खडा कसं? मैं तो परेशान हो गई, काकू.
थोडक्यात, प्रदर्शन मीच चालू ठेवलंय, असा तिचा आरोप. मला मान्य नाही. पण मार्ग मात्र सापडला. मी नुसतं घरी बसायचं. दोन-चार दिवसांत घर पडेल, प्रदर्शन बंद, पार्वतीताई गप्प. काहीही न करता जिंकायची लढाई माझ्या वाट्याला प्रथमच आली.

१९ जानेवारी
घरी बसले. कपाट आवरलं. शेळीला पाणी कोण दाखवत असेल, हा विचार मनात आला नाही. सकाळी आला नाही, दुपारीही आला नाही.

२१ जानेवारी
किती पडलंय तेवढं बघायला गेले. मागची भिंत कललेली. शेळी उन्हात उभी. घर पडायला माझा विरोध नाही, पण बुधवारी कशाला? रविवारी रथसप्तमी. शनिवारी पडलं तर हळदीकुंकवात ताजी बातमी देता येईल. म्हणून भिंतीला टेकू दिला. शनिवारपर्यंत पुरेल एवढाच.

२४ जानेवारी, शनिवार
घर पडण्याचा दिवस. गर्दी होती. आसावरीही आली. मी हात मागे बांधून उभी राहिले, चांगली अर्धा तास. एका गृहस्थानं मधला खांब ओढायला घेतला. शेळी आत झोपलेली, कोणाला दिसत नव्हती. मी त्याच्या हातून यंत्र घेतलं. हिसकावलं, असं आसावरी म्हणते. खांब परत बसवला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. आसावरीनं कपाळाला हात लावला. दमली असेल.

२५ जानेवारी, रथसप्तमी
पार्वतीताईंनी भर हळदीकुंकवात विचारलं, काय हो रत्नप्रभाताई, झालं का बंद? म्हटलं, होण्यासारखं आहे. त्या म्हणाल्या, माझी सून सांगत होती, कोणी एक मराठी बाई ते होऊ देत नाही म्हणे.
मी स्वेच्छेनं राजीनामा दिला. प्रकृतीचं कारण सांगितलं. मग जरा थांबले, कोणीतरी राहू द्या म्हणेल म्हणून. सगळ्या वाण काय आहे ते बघत होत्या.
पार्वतीताई अध्यक्ष झाल्या. पहिलाच निर्णय: उद्या सगळ्या बायकांची सहल, त्याच गॅलरीत.
म्हणजे ते यंत्र पार्वतीताईंच्या हातात. त्यांचं स्वयंपाकघर मी पाहिलंय.
उमाकांतना सांगून ठेवलं, उद्या चहा तुमचा तुम्ही करून घ्या. दार उघडायच्या आधी पोचायला हवं.