नोएडाच्या बाईंकडचा पहिला तास

कृतिका,

वरण-भात झाकून ठेवलाय, गरम करून घे. मी पार्कात बसलोय, फोन करू नकोस.

शरीराकडून मनावर उपचार करणाऱ्या तुझ्या त्या बाईंकडे जाऊन आलो. पहिले काही दिवस नुसता श्वास आणि अंग कुठे आखडतंय ते बघायचं, म्हणाल्या. रडू येईल, नाहीतर काहीच होणार नाही. मग विचारलं, "अंकल, कंधे पर हाथ रख दूँ?" मी नाही म्हणालो. "बिल्कुल ठीक," म्हणून त्या तासभर समोर बसून राहिल्या. भल्या आहेत. तरी पुढची वेळ रद्द कर. त्यांनी हात ठेवला असता, तर तो तुझ्या आईचा नाही हे माझ्या खांद्यालाही कळलं असतं.

बाबा