रेलिंगवरचा बिल्ला

१६ सप्टेंबर

आजपासून रोज लिहायचं. वही पप्पांनी दिली, नांदेडच्या स्टँडवर, बस हलता हलता खिडकीतून. म्हणाले, नोकरीत कुणी काय सांगितलं, तू काय केलंस, सगळं तारीखवार लिहून ठेव. उद्या कुणी अंगावर ढकललं तर कागद पाहिजे. पस्तीस वर्षं तहसिलात कारकुनी केलेला माणूस लेकीला दुसरं काय देणार.

चाकूरला उतरले तर कारखान्याची जीप पंक्चर, म्हणून ट्रॅक्टर पाठवलेला. मी, महामाया, साखर कारखान्याची नवी पर्यावरण इंजिनिअर, ट्रॉलीत सुटकेसवर बसून गेटमधून आत आले. वॉचमन श्रीमंतने ट्रॅक्टरवाल्याला विचारलं की हंगामाला अजून दोन महिने हायेत, आत्ताच काय भरून आणून राहिलास. मला लई हसू आलं.

खोली बरी आहे. खिडकीतून माझी पेटी दिसते. माझीच म्हणणार. बॉयलरमध्ये उसाची चिपाडं जळतात, त्यांचा काळा धूर या तीन मजली लोखंडी पेटीतून जातो. आत पत्र्यांच्या रांगा टांगलेल्या, मधे तारा, तारांत सत्तर हजार व्होल्ट. राख पत्र्यांना चिकटते, ठरल्या वेळेला हातोडे पत्र्यांवर पडतात, राख खाली पाभरीच्या चाड्यासारख्या, नरसाळ्याच्या आकाराच्या हॉपरमध्ये गळते, आणि चिमणीतून निघतो तो जवळजवळ पांढरा धूर. म्हणजे हंगामात आसपासच्या बायकांची धुणी पांढरी राहिली तर ती माझ्यामुळे. पहिल्याच दिवशी एवढा तोरा बरा नव्हे, पण वही माझी आहे.

१८ सप्टेंबर

काल मुक्तिसंग्रामाचं झेंडावंदन आणि बुंदी, आज काम. पेटीत जाऊन आले. दोन पत्र्यांमधली वाट दीड वीत, खेकड्यासारखं आडवं सरकावं लागतं. आतून कितीही ओरडा, बाहेर शब्द येत नाही. भिंतीत हातभर जाड लोकर भरलेली आहे.

पेटीला दार एकच, तिसऱ्या मजल्यावर. दाराशेजारी लाकडी बोर्ड, त्यावर नंबराचे खिळे, प्रत्येक खिळ्याला एकेकाचा पितळी बिल्ला. आत जाताना आपला बिल्ला गळ्यात घालायचा, बाहेर आलं की खिळ्याला लावायचा. खिळा रिकामा म्हणजे माणूस आत. सगळे बिल्ले जागेवर आले की दाराला कुलूप. किल्ली एकच, ती आता माझ्याकडे. पद्धत चांगली, पण माणसं आमची. बिल्ल्याचा पट्टा आतल्या तारांत अडकतो, म्हणून हे लोक तो दाराशीच काढून रेलिंगवर ठेवतात आणि तसेच आत शिरतात. धोंडप्पा मामासुद्धा. मामा उदगीरकडचे, इथले सगळ्यात जुने. मी बरंच बोलले. त्यांनी मान खाली घालून होकाराचं हाव म्हटलं, आणि दुपारी बघते तर चार नंबरचा बिल्ला पुन्हा रेलिंगवर. पालथ्या घड्यावर पाणी.

माझा नंबर बारा. अकराच्या खिळ्याला बिल्ला आहे, घालणारा कुणी नाही.

संध्याकाळी एक गंमत झाली. सगळे बाहेर आले, बोर्ड भरला, तरी मामांनी दारात डोकं घालून तीनदा हाक मारली: साहेबराव, चल, सुट्टी झाली. मग तंबाखू मळून होईपर्यंत थांबले आणि मग दार लावलं. विचारलं तर म्हणाले, पद्धत हाय. मी म्हटलं, आतून उत्तर आलं तर? म्हणाले, तर मग आत जायाचं म्याडम, अजून काय.

२५ सप्टेंबर

साहेबराव कोण ते आज श्रीमंतकडून कळलं. मला डबा देणाऱ्या भामाबाई मावशींचे मालक. चार वर्षांपूर्वी दसऱ्याला बॉयलरची पूजा झाली, लगेच पेटवला तो थेट उन्हाळ्यातच विझवला, आणि पूजेच्या दिवसापासून साहेबराव कुणाला दिसले नाहीत. बोर्डावर त्यांचा अकरा नंबरचा बिल्ला होता, म्हणजे माणूस पेटीतून बाहेर आलेला होता. तेवढ्यावर ऑफिसनं रजिस्टरात काम सोडून गेला असं लिहिलं. सायकल अजून स्टँडला आहे, टायर कुजलेत. श्रीमंतने जाता जाता आणखी एक सांगितलं, की म्याडम, पेटीतली राख हंगामभर वीटभट्टीला जात व्हती, कुणी चाळून बघितली न्हाई.

मला राग आला. माणूस हरवला तर पोलिसात जायचं सोडून रोज पेटीत हाका मारत बसतात. आमच्या घरात भूतबित चालत नाही. आजोबांनी छप्पन्न साली बावीस प्रतिज्ञा घेतल्या त्या काही भिंतीला टांगायला नाही. नोटीस लावली: दार बिल्ल्यांवर बंद होईल, हाकेवर नाही. हाका आजपासून बंद. मामांनी नोटीस दोनदा वाचली.

४ ऑक्टोबर

आठ दिवस झाले, पेटी वाजते. रोज साडेपाचला, दार लावलं की. तीन ठोके, थोडं थांबून पुन्हा तीन. कारण सरळ आहे. दिवसभर उन्हात तापलेलं लोखंड संध्याकाळी निवताना वाजतं. मी सगळ्यांना हे समजावून सांगितलं. कुणी वाद घातला नाही, याचाच मला जास्त राग आला.

अकराच्या खिळ्यावर मात्र सकाळी राख असते. पुसते, दुसऱ्या दिवशी परत. वाऱ्यानं येत असेल. बाकीच्या खिळ्यांवर का येत नाही, हे मला सांगता येत नाही.

मावशी आज नेहमीसारख्या जयभीम करून डबा ठेवून निघून गेल्या नाहीत, उंबऱ्यात बसल्या. म्हणाल्या, माय, माझाबी भुतावर विश्वास न्हाई. पण रोज साडेपाचला मी भांडे घासायच्या हौदापाशी उभी राहात होते. दिवसातून एकदा कुणीतरी त्येंचं नाव घेत होतं, तेवढंच ऐकायला. तेबी तू बंद केलंस. नोटीस काढावी असं वाटलं. पण एकदा काढली की माझं कोण ऐकणार, म्हणून तशीच ठेवली.

११ ऑक्टोबर

उद्या दसरा, बॉयलरची पूजा. पूजेपुरती लाकडं जाळायची, बस्स. नव्या नळ्या बसवल्यात, त्यामुळे बॉयलर खरा पेटणार सोळाला सकाळी.

आज मामांना चोरून हाक मारताना पकडलं. चारचौघांत मी नको ते बोलले. पुन्हा दिसलात तर कामावरून काढीन, इथपर्यंत. साठीचा माणूस, टोपी हातात घेऊन उभा राहिला. आता वाईट वाटतंय. नांदेडहून येताना काहीतरी गोडधोड आणीन त्यांच्यासाठी.

१२ ऑक्टोबर, दसरा

बसमध्ये लिहितेय, अक्षर हलतंय. सगळं झकास पार पडलं. सकाळपासून स्पीकर आणि हलगी, शेजारच्याचं बोलणं ऐकू येईना. अकरा वाजता दार लावायला वर गेले तर चार नंबरचा खिळा रिकामा आणि मामांचा बिल्ला रेलिंगवर. एवढं बोलूनही. बाहेर येऊन लावायला विसरले असणार, त्यांचं नेहमीचंच. खाली चेअरमनसाहेबांची गाडी आलेली, स्पीकरवर माझं नाव पुकारत होते. मीच बिल्ला उचलून खिळ्याला लावला. बोर्ड पूर्ण. कुलूप घातलं, रजिस्टरात सही केली, पळत खाली आले. करंट सोडला नाही, पाहुण्यांना दाखवायला हातोडे तेवढे पाच मिनिटं फिरवले. टाळ्या पडल्या.

मामा जेवणाला दिसले नाहीत. कुणी म्हणालं, सणाला गावी गेले. रुसले असतील. गेल्यावर समजूत काढीन.

पंधरापर्यंत रजा. आज विहारात मोठा कार्यक्रम, आई वाट बघत असेल. पेटीची किल्ली पर्समध्येच राहिली, हे अहमदपूर ओलांडल्यावर लक्षात आलं. सोळापर्यंत कुणाला लागतेय.

१३ ऑक्टोबर, नांदेड

सकाळी लोखंडी कपाट वाजलं. तीन ठोके, थोडं थांबून पुन्हा तीन. आई म्हणाली उंदीर. उघडलं तर उंदीर नाही, माझी पर्स होती. किल्ली काढून बघितली तर बोटांना राख लागली. काल हाताळली होती, तेव्हाची असेल. धुतली.

साडेपाचला परत. या वेळी पप्पांनी पण ऐकलं. म्हणाले, कुणी दार वाजवतंय का बघ. बघितलं. कुणी नव्हतं.

१४ ऑक्टोबर

दिवसभर. कपाट, पाण्याची टाकी, पिठाचा डबा. जिथं लोखंड तिथं. किल्लीवर राख, दोनदा धुऊनही.

दुपारी डुलकी लागली. आईनं हलवून उठवलं. म्हणे, हाव कुणाला म्हणालीस? मला कुणी हाक मारली नव्हती. की मारली होती. माझंच नाव घेत होतं कुणीतरी, बाप्याचा आवाज, घाईचा. भीती घालणारा नव्हता. आपलं लेकरू रस्त्यात आल्यावर माणूस हाक मारतो तसा.

उद्या सकाळची पहिली बस.

१५ ऑक्टोबर, दुपार

पोचले. श्रीमंतने गेटवरच सांगितलं. पेटी शनिवारी दुपारपासून वाजत होती. साडेपाचलाच नव्हे, सारखी. तीन तीन. रविवारी पण. काल दुपारनंतर सावकाश, मग दोन दोन, मग बंद. म्हणाला, साहेबराव कोपला, तुम्ही हाक बंद केली म्हणून. सगळ्यांनी मिळून पेटीच्या दारापुढं नारळ फोडला, उदबत्ती लावली, तवा कुठं शांत झाला.

मी त्याला पुन्हा तेच सांगणार होते. लोखंड निवताना —

पण पेटी भर दुपारी, उन्हात वाजत होती. तेव्हा काय निवणार?

साडेचार

मावशी आल्या. विचारत होत्या, धोंडप्पा गावाहून आले का. दसऱ्याच्या सकाळी ते मावशींच्या पायाशी बसून रडले होते. चार वर्षांपूर्वी साहेबरावांचा बिल्ला रेलिंगवर होता, तो खिळ्याला मामांनी लावला होता. बाहेर आला आन् इसरला आसंल म्हणून. कुणाला कधी सांगितलं नाही. मावशींनी शिवी दिली नाही, मारलं नाही. एवढंच म्हणाल्या, जा, एकदा हाक मार. दारातून नको, आत जाऊन मार.

गेले का ते, विचारत होत्या.

मी वही उघडली. १२ तारीख. माझं अक्षर.

मीच बिल्ला उचलून खिळ्याला लावला.

पप्पा, कागद पाहिजे म्हणाला होतात. हा घ्या कागद.

पाच वाजून गेले

मामांच्या घरी फोन लावला. गुणाबाई मामी म्हणाल्या, सणाला आले न्हाईत, काम आसंल म्हणून आमी वाट बघून राहिलो. मामांचा मोबाईल त्यांच्या खणात, बंद. आत न्यायची बंदी. ती पण माझीच नोटीस.

तीन दिवस ते वाजवत होते. ह्यांनी साहेबराव म्हणून ऐकलं. आणि मला सांगायला माझ्या घरापर्यंत कोण आलं होतं, तर आम्ही उंदीर म्हटलं, वारा म्हटलं —

पावणेसहा

तिसरा मजला. दाराशी नारळाची भकलं, मुंग्या. कुलूप निघेना. निघालं.

श्रीमंतला पाणी आणि माणसं आणायला पिटाळलंय. एकट्यानं आत जायचं नाही, नियम आहे. मावशी खाली हौदापाशी उभ्या आहेत, वर बघतायत.

हाक मारली. धोंडप्पा मामा, चला, सुट्टी झाली.

काही नाही.

दुसरी. आत राख सरकल्यासारखं —

तिसरी.

हाव.

कोरड्या घशातनं, लई लांबून, पण मामाच. जिवंत आहेत. मामा जिवंत आहेत —

आणि त्यांच्या मागनं, सावकाश, आणखी एक. हाव.

उत्तर आलं तर काय करायचं ते मामांनी मागंच सांगितलंय: आत जायाचं. थांबत नाही.

पट्टा पहिल्याच तारेत अडकला. दोनदा. पुढं सरकताच येत नाही. बिल्ला काढून ठेवते, वहीवर, रेलिंगपाशी. बारा नंबरचा खिळा रिकामा आहे. मी आत आहे. बिल्ला कुणाला सापडला तर लावू न—