चेहऱ्यावरून ओळखलेल्या उवा

४ मार्च
आज सकाळी दहा वाजून वीस मिनिटांनी माझं आयुष्य बदललं. वेळ पक्की आहे, कारण माशांच्या खाद्याचं पोतं पाठीवर घेऊन मी काकांच्या धक्क्यावर उभा होतो आणि चहा कधी येतो म्हणून घड्याळ बघत होतो. होडीतून ती उतरली. गुडघ्यापर्यंत रबरी बूट, एका हातात चिमटा, दुसऱ्या हातात नळ्यांचं खोकं. मला म्हणाली, इथे उवा कुठे आहेत?
कॉलेज सोडल्यापासून इतका नेमका प्रश्न मला कुणी विचारला नव्हता.
उवा म्हणजे माशाच्या अंगाला चिकटून रक्त पिणाऱ्या. काकांचे समुद्रात जाळीचे आठ पिंजरे आहेत, त्यांत मासे वाढवतात. उवा झाल्या की औषध सोडतात. ती यावर पीएच.डी. करते. पिंजऱ्यातल्या माशांवरच्या उवा आणि बाहेर मोकळ्या फिरणाऱ्या माशांवरच्या उवा एकाच कुळातल्या की वेगवेगळ्या, हे डीएनए काढून बघणार आहे.
काकांनी मला तिच्या हाताखाली दिलं. म्हणाले, खुशाल न्या, नाहीतरी तो दिवसभर पोत्याला टेकूनच असतो. तिच्यासमोर बोलले. तरी मी रागावलो नाही.
संकल्प : रोज दाढी. राग बंद. उवांबद्दल आदर.

५ मार्च
काम कळलं. मासा दोन मिनिटं भुलीच्या पाण्यात ठेवायचा, चिमट्याने ऊ उचलायची, स्पिरिटच्या नळीत सोडायची. एका नळीत एकच. आत कागदाची बारीक चिठ्ठी : पिंजऱ्यातली की मोकळी, तारीख, माशाचा नंबर. चिठ्ठी पेन्सिलनेच लिहायची. हे तिने तीनदा सांगितलं. तिसऱ्यांदा सांगताना तिच्या कपाळावर बट आली, त्यामुळे तिसऱ्यांदाचं नीट ऐकू आलं नाही.
अठ्ठेचाळीस पिंजऱ्यातल्या, अठ्ठेचाळीस मोकळ्या. मोकळे मासे या किनाऱ्याने महिनाभरच जातात. हुकलं की वर्ष गेलं, आणि तिची फेलोशिप याच वर्षापुरती. म्हणाली, माझं सगळं या शहाण्णव नळ्यांवर आहे बघ. मी म्हणालो, मॅडम, झालंच समजा.
कॉलेज का सोडलंस, विचारलं. तत्त्वासाठी, म्हणालो. (हजेरीवरून सरांशी वाजलं. तावातावाने म्हणालो, नाव काढून टाका माझं. कारकुनाने पाच मिनिटांत काढलं. त्याने आयुष्यात दुसरं कुठलंही काम एवढ्या तत्परतेनं केलं नसेल.)

९ मार्च
पेन्सिलीचं अक्षर मरतुकडं दिसतं. माझं अक्षर शाळेत नावाजलेलं. शाईचं पेन काढलं. ती कधीतरी चिठ्ठी उघडेल, अक्षर बघेल, अक्षरामागचा माणूस बघेल. ‘मोकळी’तल्या ळला खास वळण देतोय.

१४ मार्च
होडीवाल्याशी कडाक्याचं भांडण. तो मोकळे मासे पकडून आणतो, पण त्यांच्यावर उवाच नसतात. वीस माशांमागे तीन. मी म्हणालो, हे काय मासे आणता? तो म्हणाला, चाळीस वर्षं मासे विकतोय, माल स्वच्छ आहे म्हणून आज पहिल्यांदा शिव्या खातोय.
राग बंद करण्याचा संकल्प उद्यापासून पुन्हा.
दाढी : एक दिवसाआड. रोज केल्याने कातडी खराब होते.

२२ मार्च
शहाण्णव पूर्ण! सगळ्या नळ्या एका मोठ्या खोक्यात टाकल्या. क्रमाने लावायची गरज नाही, चिठ्ठ्या आत आहेतच.
ती म्हणाली, छान. जेवताना त्या ‘छान’चे चार अर्थ निघाले. काकू म्हणाली, अरे, घास तोंडात जातो, कानात घालतोयस.
ती तीन दिवस शहरात. लॅबची वेळ ठरवायला.

२४ मार्च, दुपारी
सगळ्या नळ्यांत स्पिरिट फिकट निळं झालंय. दिसायला फार सुंदर.

२४ मार्च, दुपारी, जरा वेळाने
शाई स्पिरिटमध्ये विरघळते. चिठ्ठ्या कोऱ्या. शहाण्णवच्या शहाण्णव.
चूक शाईच्या कंपनीची आहे. बाटलीवर छापायला नको?

२४ मार्च, संध्याकाळी
घाबरायचं कारण नाही. तीन आठवडे उवा बघतोय, माझी नजर तयार झालीय. नळ्या उजेडात धरल्या आणि एकेकीच्या चेहऱ्यावरून वेगळ्या केल्या. मोकळी ऊ सडपातळ, रुबाबदार, नजर लांबवर. पिंजऱ्यातली सुखवस्तू, पोट सुटलेली, थेट आमच्या काकांसारखी.
रुबाबदार एकसष्ट भरल्या. हव्या होत्या अठ्ठेचाळीसच, म्हणून तेरा जणींना पिंजऱ्यात उतरवावं लागलं. वाईट वाटलं.
ताजं स्पिरिट, नव्या चिठ्ठ्या. पेन्सिलने! सांगितलेलं मी ऐकतो.

२५ मार्च
खोकं घेऊन गेली. स्पिरिट बदललंस वाटतं, म्हणाली. म्हणालो, प्रवासाला निघाल्यात, अंघोळ नको? हसली. खळखळून.
विज्ञानात आत्मविश्वास महत्त्वाचा.

११ एप्रिल
तिच्याशी मनातलं बोलायचं ठरवलं. रिझल्ट आला की लगेच. आनंदाच्या भरात माणूस नाही म्हणत नाही.
दाढी : वाढवतोय. भारदस्त वाटतं.

२९ एप्रिल
ती परत आली! रिझल्ट जबरदस्त. जी ऊ औषधाने मरत नाही तिच्या डीएनएत एक खूण असते म्हणे. पिंजऱ्यातल्या निम्म्या उवांत ती सापडली. आणि मोकळ्यांपैकी निम्म्यांतही! म्हणजे औषधाला भीक न घालणाऱ्या उवा पिंजऱ्यांतून बाहेरच्या माशांवर पसरल्यात. तिचे गाइड फोनवर एवढ्या मोठ्याने ओरडले की मला धक्क्यावर ऐकू आलं. खळबळ माजेल म्हणाले.
ती धक्क्यावर गिरकी घेऊन नाचली. रबरी बुटांत.
मनातलं आज नाही बोललो. गिरकीत व्यत्यय नको.

३० एप्रिल
काका जेवले नाहीत. रिपोर्ट मत्स्य खात्याकडे जाणार, मग पिंजरे उचलायला लागतील. काकू म्हणाली, चाचणी चुकलीही असेल. काका म्हणाले, ती पोरगी एकेक गोष्ट तीनदा तपासते, ती कशी चुकेल?
माझ्या घशाखाली भाकरी उतरेना. जास्त भाजली होती.

१ मे
शांतपणे विचार केला. समजा सगळ्या पिंजऱ्यातल्यांत खूण असती आणि मोकळ्यांत एकीतही नसती. आणि समजा कुणीतरी गाढवाने डोळे मिटून त्यांची वाटणी केली असती. तरी दोन्हीकडे निम्म्या-निम्म्याच आल्या असत्या.
पण मी डोळे मिटले नव्हते. चांगले उघडे ठेवून केलीय.

२ मे
उद्या सांगतो. आज तिचं डोकं दुखतंय.

३ मे
आज तिचं डोकं दुखत नव्हतं. उगाच दुखवायचं कशाला.

४ मे
सांगायचं ठरवलं तर शूरासारखं सांगायचं. वाक्य तयार : “मॅडम, सत्यापुढे मला काहीच मोठं नाही.” आरशासमोर सात वेळा म्हटलं. पडद्याआडून काकू म्हणाली, कुणी विचारलंय का तुला?
रिपोर्ट उद्या अकराला जाणार. वेळ भरपूर आहे.

५ मे
सकाळी दहाला तिच्या खोलीत गेलो. ती टेबलाशी रिपोर्टचं शेवटचं पान वाचत होती. म्हणाली, ये, तुझं नाव घातलंय बघ. पान माझ्यासमोर सरकवलं. आभार. काका, होडीवाला, आणि त्यांच्या खाली एकटा मी, अख्ख्या ओळीत : ‘सर्व नमुन्यांवर अचूक चिठ्ठ्या लावल्याबद्दल.’
माझं नाव छापलेलं मी पहिल्यांदाच बघितलं. कॉलेजात काढलेलं, इथे घातलेलं. ‘अचूक’ हा शब्द दोनदा वाचला.
तयार केलेलं वाक्य आठवलंच नाही. म्हणालो, मॅडम, शाईने लिहिल्या होत्या.
तिला आधी कळलं नाही. मग कळलं. हातातला पेला तिने न पिता खाली ठेवला. विचारलं, किती पुसल्या? सगळ्या, म्हणालो. मग वेगळ्या कशावरून केल्यास? चेहऱ्यावरून, म्हणालो. कुणाच्या? म्हणालो, उवांच्या.
ती ओरडेल असं वाटलं होतं. ओरडली असती तर बरं झालं असतं, ओरडणाऱ्याशी मला बोलता येतं. तिने फोन उचलला, गाइडना म्हणाली, सर, रिपोर्ट पाठवू नका, चिठ्ठ्यांचा भरवसा नाही. नाही सर, माझीच चूक, मी तपासायला हवं होतं. पलीकडून बराच वेळ आवाज येत राहिला. ती फक्त हो, हो, म्हणत राहिली.
फोन ठेवल्यावर म्हणालो, पुढच्या वर्षी मासे आले की मी एकट्याने सगळं परत करून देतो, पेन्सिलने. म्हणाली, पुढच्या वर्षी मी इथे नसेन रे. अगदी साधं बोलली, उद्या सुट्टी आहे म्हणावं तसं.
मग म्हणाली, काकांना सांग, पिंजरे उचलायला नको. त्यांना आत्ताच सांग, दोन दिवस जेवले नाहीत ते. (पाच दिवस. पण दुरुस्ती केली नाही.)
मी हललो नाही. मनातलं राहिलंच होतं. आता नाही तर कधीच नाही, असं वाटून तोंड उघडलं.
ती म्हणाली, अजून काही बिघडवलंयस का?
म्हणालो, नाही मॅडम. एवढंच.
तिने लॅबमधून परत आणलेलं नळ्यांचं खोकं पुढे ओढलं, एक नळी खिडकीच्या उजेडात धरली आणि आतली माझी चिठ्ठी वाचायला लागली. मी बाहेर आलो आणि दार लावून घेतलं.