आमच्या घराला चेंबर नाही

३ फेब्रुवारी २०२६, सकाळी ७

तंबाखूचा मावा सोडून ८१ दिवस. सूनबाईच्या पोटातल्या बाळाची शपथ घेऊन, बायकोसमोर, उज्ज्वलासमोर सोडला. निश्चय म्हणजे निश्चय. सकाळचा एक धरायचा नाही, तो पोटासाठी, औषधात जमा. त्याचा प्लास्टिकचा कागद आणि वरचं रबर संडासात टाकायचं, दोन बादल्या पाणी. बायकोला पत्ता नाही.

संडास तुंबलाय. घर तीस वर्षांचं, कुरकुर चालायचीच. रविवारपर्यंत मीच काढतो.

५ फेब्रुवारी

गोपाल म्हणाला, पप्पा, प्लंबर बोलावू. मी म्हणालो, अठ्ठावीस वर्षं पॉवरलूमवर जॉबर होतो, बिघडलेले माग दुरुस्त केले, पाइपला घाबरू? पोरगा हजीऱ्याच्या कंपनीत सेफ्टीवाला, त्याला दिसेल तिथे धोका.

अॅसिड ओतलं. धूर झाला. सूनबाईला, ज्योतीला उलट्या. पोटुशीला उलट्या होतातच, असं मी समजावलं. सातव्या महिन्यात नाही होत, असं उज्ज्वला म्हणाली. हिला प्रत्येक गोष्टीत फाटे फोडायचे असतात.

८ फेब्रुवारी, रविवार

बांबूची खपाटी घालून ढवळलं. टोकाला एक रबर आणि चार लांब केस. सापडलं कारण! ज्योतीचे केस कमरेपर्यंत. ती म्हणाली, पप्पा, मी रबर लावतच नाही, क्लिप लावते. पकडलं गेल्यावर माणूस असंच बोलतं.

ऑर्डर काढली: केस बाथरूममध्ये धुवायचे नाहीत. मागे उघड्यावर, बादलीत, आणि ते पाणी गाळून फेकायचं. गोपाल अर्ध्या जेवणावरून उठला. भाजी खारट झाली होती.

११ फेब्रुवारी

ज्योती आता शेजारच्या रंभाबाईंकडे संडासला जाते. दिवसातून सहा-सात वेळा, पोट धरून. चालणं चांगलं असतं या दिवसांत. रंभाबाई म्हणाल्या, भाऊ, पोरीकडे बघवत नाही, करा की काहीतरी. मी कारण सांगितलं, केस. मग दूधवाल्याला, इस्त्रीवाल्याला आणि समोरच्या बन्सीलाललाही सांगितलं. गल्लीत गैरसमज नको.

गोपाल म्हणतो, रविवारपर्यंत नाही झालं तर इच्छापोरला फ्लॅट बघितलाय, निघतो. नुसती धमकी. नातवंड याच घरात रांगणार. पाळणा रंगवायला घेतलाय.

१३ फेब्रुवारी

ज्योतीने केस कापले. मानेपर्यंत. पार्लरमध्ये नाही, घरच्या कात्रीने, स्वतःच. वेणी वर्तमानपत्रात गुंडाळून माझ्या चहाशेजारी ठेवली आणि आत गेली. चला, शिस्त लागली. उज्ज्वलाचे डोळे लाल होते, हवा बदलतेय.

मावा सोडून ९१ दिवस.

१४ फेब्रुवारी

केस गेले तरी पाणी वरच. आतले जुने केस असणार. डोक्याला इतका ताप, म्हणून आज औषध दोनदा. कागद नेहमीच्या जागी.

१५ फेब्रुवारी, रविवार

गोपालने मला न विचारता प्लंबर आणला. धुडकू, आपल्याच धुळ्याकडचा. त्याने विचारलं, काका, चेंबर कोठे शे? मी म्हणालो, आमच्या घराला चेंबर नाही. गोपाल म्हणाला, आहे, दारच्या ओट्याखाली, झाकण वाईट दिसतं म्हणून तुम्हीच वरून फरशी ठोकलीत. हे माझ्या लक्षात नव्हतं.

ओटा फोडला. गल्ली जमली. केस निघणार म्हणून मीच सगळ्यांना सांगून ठेवलेलं. धुडकूने आकड्याने ओढायला सुरुवात केली. प्लास्टिकचे कागद. एक घमेलं भरलं, दुसरं भरलं. रबरांचा गुंता वेगळा. तो म्हणाला, काका, आठे केस नही शेतस, हाई ते मावाना कागद शेतस. घरमा मावा कोन खास?

मी म्हणालो, घरात कोणी खात नाही, आधीच्या घरमालकाचे असतील. घर मीच बांधलंय, हे बन्सीलालला माहीत आहे. पण तोही हसला नाही. हसला असता तर बरं झालं असतं. ज्योती दारात उभी होती, कापलेल्या केसांवरून पदर घेऊन. गोपालने एक रबर उचललं आणि एवढंच विचारलं, पप्पा, शपथ माझ्या बाळाची होती ना?

१६ फेब्रुवारी

टेम्पो आला. उज्ज्वलाही गेली. बाळंतपणाला तिथे कोणीतरी हवं म्हणाली. परत कधी येणार ते बोलली नाही. मीही विचारलं नाही, भीती वाटली. टेम्पोत जागा होती, पाळणा नेला नाही.

१७ फेब्रुवारी

सकाळी फ्लश तीनदा ओढून पाहिला. पाणी झर्रकन जातं. गोपालला फोन लावला, उज्ज्वलाने उचलला. लाइन एकदम साफ आहे, म्हणालो. बरं, म्हणाली. मागे ज्योती कशाला तरी हसत होती. या घरात ती हसलेली मला आठवेना. मग फोन कट झाला.

मावा सोडून ९५ दिवस असं लिहिलं होतं, खोडलं.

वेणी अजून टेबलावरच आहे. ती कुठे टाकायची, ते कळत नाही.