छपरातल्या उजेडाची वाटणी

मी कालिंदी शरदचंद्र मुंडले, वय शहात्तर, राहणार बालाघाट, हे मृत्युपत्र स्वखुशीने, कोणाच्याही दडपणाशिवाय लिहीत आहे. डोके शाबूत आहे. गुडघ्यांचे विचारू नये.

१. राहते घर माझ्या वडिलांनी बांधून मला दिले, म्हणून आधी त्यांची हकीकत. मुंबईत प्लेग आला तेव्हा ते आरोग्य खात्यात होते. सुरुवातीला खात्याची माणसे पोलीस घेऊन घरात शिरत, आजाऱ्याला उचलून नेत, अंथरुणे रस्त्यात जाळत. लोक भिऊन आजारी माणसे लपवू लागले. पुढे अंधाऱ्या खोल्यांत ऊन यावे म्हणून कौले काढायचा हुकूम निघाला. वडील गिरगावात एका छपरावर चढले आणि घरच्या बाईंनी खालून शिडीच काढून घेतली. दुपारभर वर बसून त्यांना सगळे समजावून सांगावे लागले. शेवटी बाई म्हणाल्या, "हे आधी दारात उभं राहून सांगितलं असतं, तर शिडी मीच धरली असती." तेव्हापासून वडील आधी विचारत, मग चढत, दारे आपोआप उघडू लागली. त्या दुपारी काठीला तांब्या बांधून त्यांना पाणी पोचवणारी बाईंची मुलगी, ती माझी आई.

२. म्हणूनच या घराच्या छपरात वडिलांनी काचेचे कौल बसवले. माझा मुलगा गुणाकर म्हणतो, ते गळते. गळते तर गळते, घरात बादली आहे. गेल्या उन्हाळ्यात मी लांजीला गेल्याची संधी साधून त्याने काचेच्या जागी पत्रा ठोकायला चैतराम गवंड्याला वर चढवले आणि आपण कचेरीत निघून गेला.

सून आशालता हिला गिरगावची गोष्ट मी कधी सांगितली नव्हती. तरी तिने शिडी काढून घेतली. चैतराम वरून म्हणाला, "बाई, शिडी द्या न, मले जेवाले जायचं हाय." ती म्हणाली, "काच जागेवर बसव, भाऊ. मंग शिडी देतो, अन् जेवाले बी वाढतो."

हे कळले तेव्हा मी पोट धरून हसले, आणि आईच्या आठवणीने रडलेही. सबब हे घर, काचेसह, आशालतेचे.

३. बँकेतली शिल्लक मुलगी प्रेमलता हिला.

४. गुणाकरवर माझा फार जीव आहे, त्याला रिकाम्या हाताने ठेवणार नाही. बांबूची शिडी त्याला देते. चढण्याआधी बायकोला विचारावे.

सही : कालिंदी शरदचंद्र मुंडले

साक्षीदार : चिंतामण हर्डीकर, शेजारी
चैतराम लिल्हारे, गवंडी (त्या दिवशी जेवून गेला)

बालाघाट, दि. ३ मार्च १९८५