गोसाईंकुंडाच्या वाटेवर मोडलेला नेम

प्रिय ताई,

काल कार्तिकी एकादशी झाली, चातुर्मास संपला, म्हणून आज सकाळी लसूण सोलायला बसले. दोनच पाकळ्या सोलल्या आणि उठले. हात धुतले, हिशेबाच्या वहीची मागची कोरी पानं काढली आणि तुम्हाला लिहायला घेतलं. तुम्हाला जाऊन दोन वर्षं झाली. एक गोष्ट सांगायची राहून गेली आहे.

मी यंदा नेपाळात गोसाईंकुंडाला जाऊन आले. तुमच्या चिनूबरोबर, खरं तर तुमच्या लेकीनंच मला ओढत नेलं. इथं कॅनडात, आपल्या किचनर गावातल्या नेपाळी दुकानातल्या कॅलेंडरवर तुम्ही ते निळं पाणी पाहिलं होतंत, आठवतं? "शालू, महादेव तुझा, पाणी माझं. दोघी जाऊ!" असं तिथं काउंटरपाशीच म्हणाल्या होतात.

तयारी म्हणून महिनाभर पाठीला तांदळाची पिशवी बांधून बेसमेंटचा जिना चढले-उतरले. तुमचे भाऊजी, म्हणजे आमचे हे, म्हणाले, "तांदूळ निघाले का कैलासाला?" बूट तुमचेच घातले. चांगले असताना नवे कशाला घ्यायचे? दोन मोजे चढवले की बसतात.

श्रावणात तिकडे पाऊस आणि जळवा. काठीला मिठाची पुरचुंडी बांधून चाललो. लांगटांगच्या खोऱ्यात नदीचा आवाज एवढा, की चिनूशी ओरडून बोलावं लागे. पुढं भूकंपात गाडलेलं गाव ओलांडलं. घरांच्या जागी नुसते दगड. तिथून परत फिरून कुंडांच्या चढाला लागलो.

चढावरच्या लौरीबिना मुक्कामाला पोचले तेव्हा डोकं फुटायला आलं होतं, पाणीसुद्धा पोटात ठरेना. धर्मशाळेसारखं एक छोटं हॉटेल होतं, त्याच्या मालकिणीनं पुढ्यात वाटी ठेवली. उंचीवर त्रास झाला की तिकडे सगळ्यांना हेच देतात, लसणाचं सूप.

"आमा, पी लो. ऐसा ही रहा तो कल नीचे जाना पडेगा."

मी म्हटलं, चातुर्मास आहे. चाळीस वर्षांचा नेम माझा.

"काकू, प्लीज," चिनू म्हणाली. "गॉड वोंट माइंड."

एकदा मान हलवली. दुसऱ्यांदा चिनूनं वाटी पुढं केली आणि मी प्यायले, ताई. बरं वाटलं. वर चिमूटभर मीठ मागून घेतलं!

अर्धी वाटी झाली आणि तुमचा शेवटचा श्रावण समोर आला. केमोनं तोंडाची चव गेली होती तुमची. ओट्याशी खुर्ची ओढून बसलात नि म्हणालात, "लसणाची चटणी कर गं, आणि भाकरी. तेवढंच जाईल." आणि मी काय म्हणाले? "कार्तिकी होऊ दे ताई, मग खलबत्ता भरून करते."

तुम्ही हसलात. "तुझ्या देवाला म्हणावं, जरा घाई कर."

दसरा झाला आणि आठवड्यात तुम्ही गेलात.

तुम्हाला मी कार्तिकीपर्यंत थांबायला सांगितलं. माझं डोकं दुखलं तर तासभर थांबले नाही! ओरडला का नाहीत माझ्यावर? एरवी आमटीतल्या मिठावरून भांडायचात, मग त्या दिवशीच कशाला शहाण्यासारखं हसण्यावारी नेलंत?

एक दिवस तिथंच विसावा घेऊन वर गेलो. आधी सरस्वती कुंड, मग भैरव कुंड, मग गोसाईंकुंड. धुकं होतं. निळं काही दिसलं नाही, पाणी राखाडी होतं. अंघोळीचं धाडस झालं नाही. पाय बुडवले, ओंजळभर डोक्यावर घेतलं, महादेवाला नमस्कार केला. नेम मोडल्याची क्षमा काही मागावीशी वाटली नाही. चिनूला दगडावर बसवलं आणि चटणीचं सगळं सांगितलं.

"आय नो, काकू. मी तिला गार्लिक ब्रेड आणून दिला होता."

"मग?"

"दोन बाइट्स घेतले. म्हणाली, शालूच्या हातचं नाही हे." मग पाण्याकडे बघत म्हणाली, "आय वॉज सो मॅड ॲट यू. फुल इयर."

"आणि आता?"

"आता थंडी वाजतेय. चला."

माफ केलं म्हणाली असती, तर मला पटलं नसतं. तिनं हात धरून उतरवलं मला. तेवढं पुरलं.

ताई, नेम मी सोडणार नाही. पुढच्या आषाढीपासून माझ्या ताटात कांदा-लसूण नसेल. पण या घरात कुणी काही खायला मागितलं, तर त्याला तिथी सांगणार नाही. श्रावण असो, शिवरात्र असो, त्याच दिवशी करून वाढीन. हा शब्द तुम्हाला देते. देवाला नंतर सांगेन.

तुमची धाकटी जाऊ,
शालू